उळवीची लाल माती आणि जागचा न हलणारा इलेक्ट्रॉन

जत्रा संपून आठवडा झाला होता, तरी उळवीच्या रस्त्याकडेच्या मातीत बैलगाड्यांच्या चाकोऱ्या अजून दिसत होत्या. माघात इथे चन्नबसवण्णांची जत्रा भरते. धारवाड, बेळगावकडची शेतकरी मंडळी आजही बैलगाड्या जुंपून, जोयड्याच्या जंगलातून वाट काढत इथे येतात. बाराव्या शतकात कल्याणमध्ये उलथापालथ झाली आणि शरण मंडळी या डोंगरात आली. त्यांच्यातल्या चन्नबसवण्णांची समाधी इथे आहे. ते बसवण्णांचे भाचे. मीही माझ्या भाच्याला घेऊनच गेलो होतो, त्यामुळे देवळात हात जोडताना मला उगीचच जरा भारदस्त वाटलं.

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. देवदर्शन पाच मिनिटांत उरकून तो लाल मातीत उकिडवा बसला. आम्ही उतरलो होतो त्या घरात एका मोडक्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक पडलेलं होतं. ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्याने मातीतून फिरवलं. काळे बारीक कण पिशवीला मिशांसारखे चिकटले. लाल धूळ मात्र तशीच खाली राहिली.

"मामा, माती लाल आहे ती लोखंडामुळे ना?"

"हो."

"मग चिकटत का नाही? काळं चिकटतं आणि लाल नाही, असं का?"

प्रश्न साधा होता. पण त्याचं उत्तर नीट द्यायचं तर गेल्या शंभर वर्षांचं पदार्थविज्ञान अंगणात आणावं लागतं. मी शिकवण्याच्या धंद्यातला माणूस, त्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही. दोन दिवस आमचं तेच चाललं होतं, आणि त्यातला बराचसा भाग इथे लिहितो आहे.

काळे कण म्हणजे मुख्यतः मॅग्नेटाइट आणि त्याची भावंडं. लाल रंग देतं ते हेमटाइट. दोन्ही लोह आणि ऑक्सिजन यांचीच संयुगं. गोव्याच्या खाणींतून आणि बळ्ळारी-संडूरच्या डोंगरांतून निघणारं बरंचसं लोहखनिज हेमटाइटच आहे. आपल्या कोकणातल्या जांभ्या चिऱ्याच्या लालीतही त्याचा वाटा असतो. म्हणजे हा दगड आपण पिढ्यानपिढ्या भिंतीत बसवलाय, अंगणात तुडवलाय, कपड्यांवरून घासून काढलाय.

आता स्पिन. इलेक्ट्रॉनला विद्युतप्रभार, म्हणजे चार्ज असतो, हे शाळेत सगळ्यांनी शिकलेलं असतं. त्याच्याकडे आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे तो स्वतः एक इवलंसं लोहचुंबक असतो. १९२२ साली ऑटो स्टर्न आणि वॉल्टर गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत एका विचित्र आकाराच्या चुंबकातून सोडला. झोत पसरून पट्टा व्हायला हवा होता, पण तो सरळ दोन भागांत फुटला. तीन वर्षांनी उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुण डच संशोधकांनी या गुणाला स्पिन म्हटलं. नावावरून इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा गरगर फिरतो असं वाटतं. तसं नाही. पण त्याला कुठल्याही दिशेने विचारा, उत्तर दोनच मिळतात: वर किंवा खाली. आपल्याला तेवढं पुरे.

हेमटाइटमधल्या प्रत्येक लोहाच्या आयनात पाच इलेक्ट्रॉन एकाच दिशेला तोंड करून बसलेले असतात. एका थरातले सगळे आयन एका बाजूला, तर त्याच्या लगतच्या थरातले बरोबर उलट्या बाजूला. एक थर ओढतो उजवीकडे, दुसरा डावीकडे. बेरीज जवळजवळ शून्य. आत एवढी चुंबकांची भरगच्च वस्ती, पण बाहेरच्या लोहचुंबकाला त्याचा पत्ताच लागत नाही. अशा पदार्थांना प्रतिलोहचुंबकीय म्हणतात. मॅग्नेटाइटमध्येही दोन बाजू असतात, पण एक बाजू भारी पडते, म्हणून तो चिकटतो.

ही उलटसुलट मांडणी फ्रान्सच्या लुई नील यांनी कागदावर ओळखली होती. ती प्रत्यक्ष दिसली न्यूट्रॉनच्या झोताने, अमेरिकेत, क्लिफर्ड शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ ते १९५१ या काळात केलेल्या प्रयोगांत. त्यांनी तपासलेल्या पदार्थांत मँगनीजचं ऑक्साइड होतं आणि हेमटाइटही होतं. लोह आणि मँगनीज! याच जोयडा तालुक्यात पूर्वी मँगनीजच्या खाणी चालायच्या. भाच्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे सगळं सामान इथलंच होतं." (खाणीतलं मँगनीज वेगळ्या प्रकारचं असतं, हे मी त्याला नंतर सांगितलं. त्याचा उत्साह लगेच कशाला मोडायचा?)

नील यांना १९७० साली नोबेल मिळालं. त्या वेळच्या भाषणात त्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं होतं, की सिद्धान्ताच्या दृष्टीने हे पदार्थ फार रंजक आहेत, पण त्यांचा काही उपयोग होईलसं दिसत नाही.

संध्याकाळी लाईट गेली. जंगलातल्या गावात त्याचं कुणाला नवल नसतं. घरच्या आजींनी कंदील आणून ठेवला आणि त्याही आमच्याजवळ येऊन बसल्या. वय ऐंशीच्या आसपास. बोलण्यात मराठी, कोंकणी, कन्नड सगळं एकत्र. त्यांचं माहेर सुप्याचं. आज तालुक्याला जोयडा म्हणतात, पण पूर्वी त्याचं नाव सुपा होतं, कारण मुख्य गाव सुपा होतं. काळी नदीवर गणेशगुडीजवळ १०१ मीटर उंचीचं धरण झालं आणि ऐंशीच्या दशकात सुपा पाण्याखाली गेलं. तिथली पुष्कळ कुटुंबं रामनगरला वसवली गेली. त्याच नदीवर पुढे नागझरी, कोडसळ्ळी, कद्रा अशी वीजघरं आहेत, आणि तिच्याच काठावर कैग्याला २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या.

"आमचं घर गेलं त्या पाण्यात," आजी म्हणाल्या. "वीज होईल म्हणाले. झाली बघा. कुठं कुठं जाते ती! आणि आमची ही अशी जाते."

त्या हसल्या, पण आम्ही दोघं काही हसलो नाही. भाच्याचा फोन चार्ज व्हायला लावलेला होता. तो उचलून तो म्हणाला, "केवढा तापलाय."

मग बोलणं तिकडे वळलं. वीज म्हणजे इलेक्ट्रॉन पुढे ढकलणं. तारेत ते धातूच्या थरथरणाऱ्या अणूंवर, अशुद्धीवर आपटत जातात, आणि दर आपटण्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. इस्त्रीत आपल्याला तेच हवं असतं. फोनमध्ये नको असतं. पण चिपमध्ये शून्य आणि एक लिहायचे-पुसायचे म्हणजे चार्ज इकडून तिकडे नेणं आलंच, आणि चार्ज नेला की उष्णता आली. मोठमोठ्या डेटा सेंटरमध्ये आधी संगणक चालवायला वीज आणि मग ते थंड ठेवायला आणखी वीज लागते. कंदिलाच्या उजेडात सुप्याच्या आजींसमोर हे बोलताना मला एरवी वर्गात वाटत नाही तसं वाटलं. एखाद्या नदीकाठचं गाव बुडवून केलेल्या विजेतला काही हिस्सा नुसता कुणाच्या तरी खोलीची हवा तापवण्यात जातो.

तर मग निरोप पाठवायला चार्जऐवजी स्पिन वापरता येईल का? वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य. या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या शाखेला स्पिंट्रॉनिक्स म्हणतात, आणि ती आपल्या घरात कधीच शिरलेली आहे. १९८८ साली फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्रुनबर्ग यांनी लोह आणि क्रोमियमचे काही अणूंइतके पातळ थर एकावर एक रचले. त्यातून जाणारी वीज थरांमधल्या स्पिनच्या दिशेप्रमाणे बरीच कमी-जास्त होते, असं त्यांना दिसलं. १९९७ साली आयबीएमने त्यावर हार्ड डिस्कचं वाचणारं डोकं बाजारात आणलं. २००७ साली दोघांना नोबेल मिळालं. आई-बाबांचे लग्नातले फोटो ज्या जुन्या काँप्युटरात पडून आहेत, त्यांच्या डिस्कमध्ये बहुधा हेच तंत्र आहे. गंमत म्हणजे त्या डोक्यातला एक थर जागच्या जागी घट्ट धरून ठेवायला प्रतिलोहचुंबकीय पदार्थच लागतो. नील यांच्या निरुपयोगी पदार्थाला पहिली नोकरी लागली ती अशी.

त्यानंतर मधल्या धातूच्या जागी दुर्वाहकाचा पापुद्रा आला, नॅनोमीटरभर जाडीचा. पुंज-नियमांमुळे इलेक्ट्रॉन त्यातूनही पार होतात, आणि होताना स्पिन जपतात. खोलीच्या तापमानाला हे ठसठशीतपणे १९९५ साली दाखवणाऱ्या दोन गटांपैकी एक होता जगदीश मूडेरा यांचा, एमआयटीतला. त्यांची पीएच.डी. आयआयटी मद्रासची. आणि २००५ साली 'नेचर'मध्ये जपानमधून एक निबंध आला. त्याच्या लेखकांत पहिलं नाव होतं अश्विन तुळापूरकर. अशा जोडातून रेडिओच्या कंपनांचा प्रवाह सोडला, की स्पिनच्या धक्क्याने थर डोलतो आणि सरळ दिशेचा व्होल्टेज मिळतो, असं त्यात दाखवलं होतं. ते पुढे आयआयटी मुंबईत शिकवायला आले. 'नेचर'मध्ये तुळापूरकर हे नाव पाहून आपल्याच गल्लीतल्या मुलाचा पेपरात फोटो आल्यासारखा मला आनंद झाला होता, हे कबूल करतो.

पण या सगळ्यात एक अडचण राहतेच. धातूत स्पिन इलेक्ट्रॉनच्या पाठीवर बसून जातो. इलेक्ट्रॉन चालणार, आपटणार, तापणार. शिवाय स्पिनही वाटेत हरवतो. तांब्यात तो काहीशे नॅनोमीटर टिकतो, प्लॅटिनमसारख्या जड धातूत जेमतेम काही नॅनोमीटर.

भाच्याला हे समजावताना मला जत्रेतल्या गाड्या आठवल्या. समजा, गाडीवान निरोप घेऊन निघालाय. खड्ड्यांतून गाडी आदळत चालली आहे. बैल दमतात, गाडी खिळखिळी होते आणि दर खड्ड्याला गाडीवान निरोपातलं थोडं विसरतो. हा झाला धातू. आता कल्पना कर, की घाटात गाड्यांची रांग तुंबली आहे. एकही गाडी हलत नाही. पण पुढचा गाडीवान मागच्याला ओरडून सांगतो, तो त्याच्या मागच्याला, आणि निरोप रांगेच्या शेवटापर्यंत पोचतो. एक चाक हललेलं नाही. हा झाला दुर्वाहक. फक्त गाडीवान एकमेकांच्या बोलण्याच्या टप्प्यात हवेत, म्हणजे शेजारशेजारचे स्पिन एकमेकांशी बांधलेले हवेत. तो चुंबकीय दुर्वाहक हवा, काच किंवा रबर चालणार नाही.

एका स्पिनला जरा कलंडवलं, की शेजारचा कलंडतो, मग त्याच्या शेजारचा. ही स्पिनची लाट. तिचं गणित फेलिक्स ब्लॉख यांनी १९३० च्या सुमारास मांडलं. तिच्या सर्वांत लहान हप्त्याला मॅग्नॉन म्हणतात. इलेक्ट्रॉन आपापल्या अणूपाशीच राहतो आणि स्पिन प्रवास करतो. दुर्वाहक हा शब्द आपण शाळेत शिकलो तो फक्त चार्जच्या बाबतीत खरा आहे. स्पिनच्या दृष्टीने तोच दगड उत्तम वाहक असू शकतो. हे मला स्वतःला पटायलाही वेळ लागला होता.

लाट उठवायची कशी आणि पोचली हे कळायचं कसं? तिथे प्लॅटिनमचा जडपणा कामाला येतो. प्लॅटिनमच्या बारीक पट्टीतून वीज सोडली, की वर स्पिनचे इलेक्ट्रॉन एका बाजूला वळतात, खाली स्पिनचे दुसऱ्या. त्यामुळे पट्टीच्या तळाशी एकाच जातीचे स्पिन गोळा होतात आणि खालच्या दगडातल्या स्पिनना ढोसतात. लांबवर दुसरी पट्टी असते. तिथे हेच उलटं घडतं: लाट येऊन धडकते आणि पट्टीत अगदी सूक्ष्म व्होल्टेज उमटतो. दोन पट्ट्यांच्या मध्ये वीज वाहतच नाही, वाहू शकतच नाही. जपानमध्ये एइजी साइतोह यांच्या गटाने २०१० साली याच रीतीने एका टोकाच्या विजेचा निरोप दुसऱ्या टोकाला पोचवला. त्यांचा दुर्वाहक होता यिट्रियम, लोह आणि ऑक्सिजन यांचा स्फटिक, रचनेने आपल्या अंगठीतल्या तामड्याचा भाऊबंद. २०१५ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या गटाने त्याच स्फटिकात, खोलीच्या तापमानाला, ४० मायक्रोमीटरपर्यंत निरोप पोचलेला मोजला. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ऐकायला काहीच नाही, पण तांब्यातल्या अंतराशी ताडून बघा.

आणि २०१८ साली जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठातल्या गटाने, नॉर्वे आणि नेदरलँड्समधल्या सहकाऱ्यांसह, तोच प्रयोग हेमटाइटवर केला. स्फटिक शून्याच्या बराच खाली थंड केलेला होता, पण निरोप कित्येक दशक मायक्रोमीटर गेला, म्हणजे केसाच्या जाडीच्या घरात.

हे ऐकून भाचा उठला आणि अंधारातच अंगणात जाऊन लाल खडा घेऊन आला. कंदिलापाशी धरून म्हणाला, "हा?"

हा नव्हे, हे त्याला सांगावं लागलं. प्रयोगातला हेमटाइट हा एकसंध, शुद्ध स्फटिक. अंगणातला खडा म्हणजे हेमटाइट, पिवळं गोएथाइट, चिकणमाती, वाळू यांची खिचडी. त्यात रांग दर पावलाला तुटलेली. पण पदार्थ तोच, दुर्मीळ नाही, विषारी नाही, आणि शेजारच्या चिपला बाहेरून चुंबकीय त्रास देत नाही, कारण बेरीज शून्य. शिवाय उलटसुलट बांधलेले स्पिन साध्या चुंबकातल्या स्पिनपेक्षा फार वेगाने डोलू शकतात. ज्या गुणामुळे लाल धूळ आमच्या स्पीकरच्या चुंबकाला चिकटली नाही, तोच गुण आज तिच्याकडे लोकांचं लक्ष वेधतो आहे.

"मग फोन तापायचे बंद होतील?"

इथे मी आखडता हात घेतला. अशा विषयावरच्या लेखांत उद्याच क्रांती होणार असं वाचलं, की मला त्या लेखकाची काळजी वाटते. सध्या दोन्ही टोकांना प्लॅटिनम आहे, त्यातून वीज जाते आणि तिथे उष्णता होतेच. ढोसण्यात गेलेल्या ऊर्जेतला फार थोडा भाग पलीकडे पोचतो, व्होल्टच्या दशलक्षांश पातळीवर किंवा त्याहूनही खाली. दगडात चार्ज आपटत नाही हे खरं, पण स्पिनची लाटही हळूहळू अणूंच्या थरथरीत विरते. म्हणजे तिथेही ऊर्जा शेवटी उष्णताच होते, फक्त वेगळ्या वाटेने. काम प्रयोगशाळेतलं आहे, आणि अजून पुष्कळ बाकी आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, मला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना त्याने तो खडा खिशात टाकला. आजींनी पाहिलं.

"दगड कशाला रे नेतोस?"

त्याने त्यांना सगळं सांगितलं, आणि माझ्यापेक्षा बरं सांगितलं. इलेक्ट्रॉन नाही, स्पिन नाही, नुसत्या गाड्या. घाटात रांग थांबलेली, कुणी हलत नाही आणि निरोप मात्र मागपर्यंत जातो. या दगडात तसं होतं, आजी.

आजींनी ऐकून घेतलं. उळवीच्या जत्रेतल्या गाड्या त्या आम्हा दोघांच्या वयाच्या बेरजेपेक्षा जास्त वर्षं बघत आल्या होत्या.

"जातो खरा," त्या म्हणाल्या. "पण शंभर गाड्यांच्या मागं जाईस्तोवर काय उरतंय त्यात? पुढचा म्हणतो झाड पडलंय, मागच्याला ऐकू येतं जेवायला थांबलेत."

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला आकडा सांगितला: त्या तामड्याच्या स्फटिकात दर नऊ-दहा मायक्रोमीटरला निरोपाचा साधारण एक तृतीयांश भाग उरतो, पुढच्या दहाला त्याचा एक तृतीयांश, आणि त्यापुढे तसंच. हे अंतर कसं वाढवायचं, एवढ्यावरच कितीतरी लोकांचे प्रबंध चालू आहेत.

"मधे मधे शहाणा गाडीवान बसवायचा," आजी म्हणाल्या. "नीट ऐकून परत मोठ्यानं सांगणारा."

गणेशगुडीपर्यंत तो गप्प होता. धरणाजवळ गाडी थांबवली तेव्हा पाणी बरंच वरपर्यंत होतं आणि सुप्याचं काहीच दिसत नव्हतं. पाण्याकडे बघत त्याने विचारलं, "मामा, दगडात मधेच निरोप मोठा करायचा म्हणजे बाहेरून ऊर्जा द्यावी लागणार. ती न तापवता कशी द्यायची?"